न झालेल्या सौद्याची किंमत

प्रणोती मगदूमच्या शोधाची किंमत ठरवायला पुण्याच्या त्या न्यायालयात एका वेळी अठरा-वीस माणसं बसत. त्यांत वकील होते, वकिलांचे सल्लागार होते, अर्थतज्ज्ञ होते, आणि मागच्या बाकावर या खटल्यात पैसे गुंतवलेल्या कंपनीची दोन गुळगुळीत माणसं होती. यांपैकी एकानेही इचलकरंजीतल्या मागाच्या कारखान्यात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. त्याची कुणाला गरजही वाटली नव्हती. वस्तू नीट कळली की तिचा भाव पाडताना माणसाला थोडी तरी लाज वाटते, आणि लाज वाटून घ्यायचे पैसे इथे कुणालाच मिळत नव्हते.

शोध दोघींचा होता. प्रणोती आणि झाकिया मोमीन कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. झाकियाच्या वडिलांचा चाळीस मागांचा कारखाना, आणि त्या चाळीस मागांनी त्यांचे कान पन्नाशीच्या आतच खाल्लेले. कारखान्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, कारण मागात इकडून तिकडे आपटणाऱ्या धोट्याचा दणका ते गिळून टाकतो. बाजारातली कानात घालायची यंत्रं हा दणका दाबायला बघत, आणि दणक्याबरोबर बोलणंही दाबत. या दोघींनी उलट बाजूने सुरुवात केली. माग कितीही गोंगाट करो, तो तालात करतो. चाळीस मागांचे चाळीस ताल एकमेकांत गुंतलेले असले, तरी त्यांच्या मधे क्षणाच्या बारीक बारीक फटी राहतातच. कानातल्या चिपने ते ताल शिकायचे, पुढचा दणका कधी पडणार हे आधीच ओळखायचं, आणि कान फक्त फटीपुरता उघडायचा. फटीत सापडलेले बोलण्याचे तुकडे जोडून सलग करायचं काम मेंदू स्वतःच करतो, त्याला ते शिकवावं लागत नाही. तालांचं गणित प्रणोतीचं. मेंदूला किती तुकडे पुरतात, हे शोधून काढणारी झाकिया.

त्यांनी 'कानोसा' नावाची कंपनी काढली. मग एक दिवस ऑरिस्टा या मोठ्या कंपनीचा खरेदीप्रमुख देवव्रत सूद इचलकरंजीला आला. दोन वेळा चहा प्यायला, तासभर कौतुक केलं, तपासणीसाठी म्हणून एक नमुना घेतला, आणि "विचार करून कळवतो" म्हणून गेला. त्याने काही कळवलं नाही. पुढच्या दिवाळीत ऑरिस्टाचे इअरफोन बाजारात आले. लग्नाच्या बँडमध्ये, स्टेशनावर, मिरवणुकीत, कुठेही समोरच्याचं बोलणं स्पष्ट ऐकू येणार. ते कोट्यवधींनी खपले. कानोसाला मात्र त्याच्या पुढच्या दिवाळीच्या आत टाळं लागलं.

खटला सात वर्षं चालला. पेटंट पक्कं आहे हे ठरलं, ऑरिस्टाने ते चोरलं हेही ठरलं. आता फक्त चोरीचा भाव ठरायचा होता.

ऑरिस्टाच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी एक इअरफोन उघडून त्याचे भाग पांढऱ्या कापडावर मांडले. डबी, बॅटरी, चुंबक, रबराची टोपी, सोनेरी नाममुद्रा. "मायलॉर्ड, ग्राहक या सगळ्याचे पैसे देतो," ते म्हणाले. "कित्येक जण तर नुसता रंग बघून घेतात. वादींचं तंत्र त्यातल्या एका चिपमधल्या एका कोपऱ्यात आहे. नुकसान मोजायचं तर त्या कोपऱ्याचं मोजावं."

मागच्या बाकावर झाकिया प्रणोतीच्या कानात म्हणाली, "कोपरा काढून विकून बघा म्हणावं. रंग ऐका मग."

पण खरा प्रश्न कोपऱ्याचा नव्हता. अशा खटल्यात कायदा एक बैठक कल्पून बघतो. चोरी व्हायच्या आदल्या दिवशी दोन्ही पक्ष राजीखुशीने समोरासमोर बसले असते, पेटंट पक्कं आहे हे दोघांनाही माहीत असतं, तर एका नगामागे किती दर ठरला असता? तो दर गुणिले विकलेले नग, ही भरपाई. पूर्वी दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ ही बैठक आपापल्या सोयीने कल्पून सांगत आणि त्याला शास्त्र म्हणत. अलीकडे ते काम 'सौदागर' करत होता.

सौदागर माणसाचं प्रतिरूप तयार करायचा. त्या तारखेआधीचे त्या माणसाचे सगळे मेल, फोनवरची बोलणी, बँकेचे व्यवहार, मनगटावरच्या घड्याळाने टिपलेले हृदयाचे ठोके, एवढं सगळं त्याला भरवायचं. मग प्रतिरूपाची परीक्षा घ्यायची. त्या माणसाने पूर्वी घेतलेले निर्णय त्याला न सांगता विचारायचे. शंभरातले नव्वद बरोबर आले, की न्यायालय ते प्रतिरूप ग्राह्य धरत असे. मग दोन प्रतिरूपं टेबलाशी बसवायची आणि बैठक हजारो वेळा घडवायची. येणारा सरासरी दर म्हणजे न झालेल्या सौद्याची किंमत. प्रत्येक बाजूला यंत्राच्या काही खुंट्या पिळायची मुभा होती: कोणत्या मेलना किती वजन द्यायचं, माणूस त्या दिवशी किती थकलेला धरायचा, किती हट्टी धरायचा. यंत्र एकच, शास्त्र एकच, आणि तरी दोन्ही बाजूंची उत्तरं कधीही जुळत नसत. याचं आश्चर्य वाटणारी माणसं त्या इमारतीत कामाला ठेवली जात नसावीत.

ऑरिस्टाच्या बाजूने चालवलेल्या बैठकीचा नमुना पडद्यावर दाखवला गेला. खटल्याच्या आधीची प्रणोती, तोच चष्मा, बोलण्याआधी खालचा ओठ चावायची तीच सवय. समोर सूदचं प्रतिरूप.

"तुमच्या कंपनीकडे तीन महिन्यांच्या पगाराइतकेच पैसे आहेत," सूद म्हणाला.

पडद्यावरच्या प्रणोतीने ओठ चावला. "तुम्ही म्हणाल ते बघू. फक्त मागवाल्यांसाठी आम्हाला स्वस्तात करू द्या."

नगामागे अडतीस पैसे.

खरी प्रणोती बाकावर बसून हे बघत होती. स्वतःला कुणाच्या तरी पाया पडताना बघणं वाईटच. त्यात आपण तसं वागलोच नव्हतो, हे सांगायची सोय नसणं त्याहून वाईट. ऑरिस्टाने तिला उपाशी ठेवलं असतं तर भरपाई आणखी कमी झाली असती, असा या गणिताचा सरळ अर्थ होता. न्यायालयात कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत.

प्रणोतीचे वकील ॲडव्होकेट विश्रुत पाटणकर यांनी दोन दिवसांनी दोघींना ऑफिसात बोलावलं. तिथे त्यांचे तज्ज्ञ डॉ. अभिजात केळुसकर बसले होते. ऑरिस्टाची तज्ज्ञबाई यांचीच विद्यार्थिनी. गुरू-शिष्या एकमेकांविरुद्ध साक्ष देत आणि संध्याकाळी एकाच क्लबात जेवत.

"आपली प्रणोती जरा वेगळी निघाली," केळुसकर प्रसन्नपणे म्हणाले. "मी हट्टाची खुंटी थोडी वर घेतली. नियमात बसतं. आता दर बघा. नगामागे एकवीस रुपये."

पाटणकरांनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. "मॅडम, हा इतिहास होईल."

"बघू द्या की बैठक," झाकिया म्हणाली.

"त्याची गरज नाही, आकडा..."

"गरज आहे. पेटंटवर माझंही नाव आहे."

केळुसकरांनी नाइलाजाने नमुना लावला. या वेळची प्रणोती ओठ चावत नव्हती. ती खुर्चीत मागे रेलली होती. सूदने विचारलं, "आणि तुमच्या भागीदार? त्यांचीही सही लागेल."

"झाकियाचं मी बघते," पडद्यावरची प्रणोती म्हणाली. "तिला पगारावर ठेवा, ती खूश राहील. परवाना माझ्या एकटीच्या नव्या कंपनीच्या नावे करा. दर मात्र माझाच."



"असं किती वेळा झालं?" झाकियाने विचारलं.

केळुसकर चष्मा पुसत म्हणाले, "साधारण दहातल्या सात बैठकांत. पण ते मनावर घेऊ नका. दर वर जातो तो त्यामुळेच. निर्णय एका हातात असला की समोरचा जास्त देतो, हे अर्थशास्त्रात..."

"अर्थशास्त्र राहू द्या," प्रणोती म्हणाली. "हे तुम्ही खुंटी पिळून बनवलंय."

"खुंटीने हट्ट वाढतो, मॅडम. भागीदाराला बाजूला काढायची कल्पना तुमच्या मेलमधून आली. त्या वर्षी तुम्ही तुमच्या यजमानांना लिहिलंय, 'झाकियाला निर्णय घ्यायला लावणं म्हणजे माझंच काम दुप्पट.' असे बरेच आहेत."

पाटणकरांनी घसा साफ केला. "मुद्दा साधा आहे. सोमवारी साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्हाला विचारतील, हे प्रतिरूप तुमच्यासारखं आहे का? तुम्ही 'हो' म्हणायचं. 'नाही' म्हणालात तर अडतीस पैसे. त्यातून गुंतवणूकदारांचे चाळीस टक्के आणि आमची फी गेली, की तुम्हाला रिक्षाचं भाडं उरेल."

दोघी खाली आल्या. रस्त्यापलीकडच्या अमृततुल्यात उभ्या राहिल्या.

"ते मेल मी चिडून लिहिले होते," प्रणोती म्हणाली. "नवऱ्याला लिहिलेलं. कुणीही लिहितं."

"मीही लिहिलेत तुझ्याबद्दल. माझे वाचायला हे लोक अजून आले नाहीत, एवढंच."

"मग?"

"मग काय? सोमवारी 'हो' म्हण." झाकियाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "खोटं असलं तर 'हो' म्हणायला तुझं काय जातंय? आणि खरं असलं तर 'हो' म्हणायलाच पाहिजे."

"तुला ते खरं वाटतंय?"

"तू सांग की. तुझं डोकं आहे ते." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच प्रणोतीला जास्त लागलं. "मी बघत होते, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं माहिती आहे? की ही बाई ओळखीची आहे."

ती एकटीच रिक्षात बसून निघून गेली.

सोमवारी न्यायमूर्ती शैलजा लोखंडे आसनावर होत्या. साठीला आलेल्या, बोलायला कमी, आणि तज्ज्ञांचं बोलणं ऐकताना पेनाच्या टोपणाची सतत काढघाल करणाऱ्या. पाटणकरांनी पडद्यावर एकवीस रुपयांवाली बैठक दाखवली आणि अतिशय मऊ आवाजात विचारलं, "मॅडम, हे प्रतिरूप तुमच्या स्वभावाशी जुळतं ना?"

प्रणोतीने मागच्या बाकाकडे पाहिलं. झाकिया आली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

"मला माहीत नाही," प्रणोती म्हणाली.

पाटणकरांचं हसू गोठलं. "म्हणजे साधारणपणे जुळतं, असं..."

"माहीत नाही म्हणजे माहीत नाही. ती मी असेनही. त्या अडतीस पैसेवाल्या बाईचंही तेच. मी त्या टेबलाशी काय केलं असतं, हे मला कधी कळलंच नाही, कारण मला त्या टेबलाशी कुणी बसवलंच नाही. सूदसाहेब चहा पिऊन नमुना घेऊन गेले." ती न्यायमूर्तींकडे वळली. "मॅडम, एक विचारू? सगळे माझं मन उकरतायत. चोरी मी केलेली नाही. मग सूदसाहेबांचं प्रतिरूप इतक्या हजार बैठकांत एकदाही उठून का गेलं नाही?"

न्यायमूर्तींच्या हातातलं टोपण थांबलं. "डॉक्टर केळुसकर?"

केळुसकर उभे राहिले. "मॅडम, बैठक राजीखुशीची असते. त्यामुळे घेणाऱ्याच्या प्रतिरूपाला उठून जायची, म्हणजे परवाना न घेताच वापरायची, मुभा नसते. तो पर्याय बंद केलेला असतो."

"कुणी बंद केला?"

"तशी पद्धत आहे."

"उघडून बघा."

ऑरिस्टाचे वकील ताडकन उठले. "मायलॉर्ड, आमचा आक्षेप आहे! हे प्रतिरूप त्या कामासाठी नाही."

"सूद यांचं प्रतिरूप विश्वासार्ह आहे, असं तुमच्याच तज्ज्ञांनी सही करून दिलंय," न्यायमूर्ती म्हणाल्या. "अडतीस पैशांपुरतं विश्वासार्ह आणि पुढे नाही, असं काही असतं का? बसा."

केळुसकरांनी कुलूप काढलं. सौदागरला हे काम करायला फारसा वेळ लागला नाही. पडद्यावर त्याच टेबलाशी सूदचं प्रतिरूप चहा पिताना दिसलं. मग त्याने घड्याळ पाहिलं, नमुना खिशात घातला आणि "विचार करून कळवतो" म्हणाला. पुढच्या बैठकीत तेच. त्याच्या पुढच्या बैठकीतही तेच. शेवटी खाली आकडा आला: हजारातल्या नऊशे ब्याण्णव बैठकांत घेणारा टेबल सोडून गेला होता.

"कारण काय देतो तो?" न्यायमूर्तींनी विचारलं.

यंत्रात प्रतिरूपाला कारण विचारायची सोय होती. सूदच्याच थंड, सभ्य आवाजात उत्तर आलं. "परवाना घेतला तर आज पैसे द्यावे लागतात. न घेता वापरलं तर बहुतेक वेळा कुणी खटलाच भरत नाही. भरलाच, तर काही वर्षांनी तेवढाच दर द्यावा लागतो, जेवढा परवान्याला लागला असता. मग आज का द्यायचा?"

खरा देवव्रत सूद ऑरिस्टाच्या बाकावर बसला होता. इतका वेळ फोनमध्ये खाली घातलेली मान त्याने आता वर केली. आजूबाजूचे त्याच्याकडे बघत नव्हते. पडद्याकडे बघत होते, आणि ते जास्त वाईट होतं. आपलंच गुपित आपल्याच आवाजात चारचौघांत ऐकल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

सात वर्षं सगळ्या विद्वानांनी मिळून जी पद्धत शास्त्र म्हणून चालवली होती, तिचा अर्थ यंत्राने चार वाक्यांत सांगून टाकला होता. चोराला पकडल्यावर त्याच्याकडून फक्त दुकानातला भाव घ्यायचा, तर दुकानात पैसे देणारा मूर्खच ठरतो. हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असलेल्यांचीच फी जास्त होती.

"आता भरपाई वाढवत न्या," न्यायमूर्ती म्हणाल्या. "पकडलं गेल्यावर दुप्पट द्यावी लागेल, तिप्पट द्यावी लागेल, असं त्याला सांगत जा. तो कधी टेबलाशी बसतो ते मला बघायचंय."

दुप्पटला सूद उठून गेला. पाचपटीला त्याने चहा संपवला आणि मग उठला. दहापटीला तो विचारात पडला. सोळापटीच्या पुढे त्याने पहिल्यांदा खिशातून पेन काढलं. ऑरिस्टाचे वकील एकेका आकड्याला आक्षेप नोंदवत होते, आणि लेखनिक ते शांतपणे टिपून घेत होता.

निकाल आला तेव्हा न्यायमूर्तींनी दोन्ही प्रणोती बाजूला ठेवल्या. त्यांनी लिहिलं, की चोरी न करणं प्रतिवादीला ज्या रकमेला परवडू लागतं, ती या चोरीची किंमत. रक्कम इतकी मोठी होती की पाटणकरांनी बातमीदारांसमोर या युक्तिवादाची कल्पना आपल्याला पहिल्यापासून होती असं सांगितलं. ऑरिस्टाने अपील केलं, मग ते मागे घेऊन तडजोड केली. तडजोडीची रक्कमही कमी नव्हती. गुंतवणूकदारांनी चाळीस टक्के उचलले आणि अभिनंदनाचा केक पाठवला. डॉ. केळुसकर आता 'टेबल-कसोटी' या विषयावर देशभर व्याख्यानं देतात आणि त्यांची विद्यार्थिनी कंपन्यांना शिकवते, की आपल्या अधिकाऱ्यांनी मेलमध्ये काय लिहिलं तर उद्या त्यांची प्रतिरूपं थोड्याच पटीत टेबलाशी बसतील. ऑरिस्टा तिची पहिली गिऱ्हाईक. देवव्रत सूदला बढती मिळाली.

झाकिया निकालाच्या दिवशी न्यायालयात नव्हती. तडजोडीच्या कागदांवर सही करायला ती आली, सही केली आणि गेली. त्यानंतर दोन महिने तिचा फोन नाही. प्रणोतीने तिला केला नाही, कारण काय बोलायचं हे ठरत नव्हतं. नवऱ्याने विचारलं तेव्हा ती त्याच्यावरच खेकसली.

मग एका दुपारी झाकिया तिच्या घरी आली. दारातून आत येताना तिने चपला नीट जोडून ठेवल्या, पाहुण्यासारख्या.

"कानोसा परत सुरू करायचंय मला," ती म्हणाली. "मागवाल्यांसाठीच. बाकीच्यांना मिळतंय. जागा बघितलीय. तू येणार?"

"येणार म्हणजे काय? माझंच आहे ते."

"आपलं आहे."

"आपलं," प्रणोती म्हणाली.

झाकियाने पिशवीतून कागद काढले. भागीदारीचा करार होता, कुणातरी शहाण्या वकिलाकडून करून घेतलेला. एकीने दुसरीच्या सहीशिवाय परवाना द्यायचा नाही, नवी कंपनी काढायची नाही, बोलणी एकटीने करायची नाहीत.

प्रणोतीने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "इतकी वर्षं कागद नव्हता आपल्यात."

"नव्हता."

"मी त्या पिंजऱ्यात 'हो' म्हणाले नाही, झाकिया."

"'नाही'ही म्हणाली नाहीस." झाकिया तिच्याकडे सरळ बघत होती. "ते बरं केलंस. 'नाही' म्हणाली असतीस तर मी हे कागद घेऊन आलेच नसते. खोटं बोलणाऱ्या बाईबरोबर धंदा कशाला करू? पण कागदाशिवायही आता जमणार नाही मला. झोपताना ती मागे रेललेली बाई दिसते."

"मलाही दिसते."

"मग कर सही."

प्रणोतीने पेन शोधलं. पहिल्या पानावर सही करताना तिला राग आला. केळुसकरांचा, सौदागरचा, सूदचा, स्वतःच्या जुन्या मेलचा. दुसऱ्या पानावर तो झाकियाचाही आला. तिसऱ्या पानाशी तिने हात थांबवला आणि एका कलमावर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, मतभेद झाला तर तिसरा माणूस निवाडा करेल. ते काढ."

"मग मतभेद झाला तर?"

"भांडू. तासन् तास भांडू. पण आपल्यात तिसरा कुणी बसवायचा नाही."

झाकियाने पेन प्रणोतीच्या हातातून घेतलं, ते कलम दोन रेघा मारून खोडलं, बाजूला आपली सही केली, आणि प्रणोतीच्या सहीसाठी कागद परत तिच्यापुढे सरकवला.